डॉक्टरांना शेळ्यांचंही सांग

पोरी, नाव नोंदवायला दवाखान्यात जाशील तेव्हा उलट्या, चक्कर, पाळीची तारीख हे तर सांगशीलच. त्याच्या जोडीला एवढं बोल : "डॉक्टर, आमच्या घरी वीसेक शेळ्या आहेत, एक गाय आहे, दारात कुत्रं आहे, घरात मांजर आहे आणि शेळ्यांचं वेत मीच उरकते." आपणहून सांग. ते विचारतील म्हणून थांबू नकोस. त्यांच्या दाराबाहेर तुझ्यासारख्या पन्नास जणी बसलेल्या असतात, त्या गर्दीत शेळ्यांचा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही.

पुढचं जावईबापूंनाही वाचायला दे. त्यातलं निम्मं त्यांच्याच कामाचं आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच केली. आष्टीच्या मेंढ्या, पाटोद्याच्या शेळ्या, माजलगावच्या म्हशी, सगळं हाताखालून गेलं. जनावरांचा डॉक्टर जनावर बघतो, माणसांचा डॉक्टर माणूस बघतो. आणि माणसाला होणारे जेवढे संसर्ग ठाऊक आहेत त्यातले निम्म्याहून जास्त जनावरांकडून आलेले. दोन्ही दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारा माणूस एकच, तो म्हणजे जनावराचा मालक. त्यानं निरोप नेला नाही तर तो पोचतच नाही.

वडवणीकडच्या एका गड्याचं सांगतो. दिवाळीत त्याच्या तीन शेळ्या लागोपाठ गाभडल्या. एकीची वार अडकली होती, ती यानं हातानं ओढून काढली, हात धोतराला पुसले आणि भाकरी खायला बसला. पुढं महिन्याभरानं संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी गडी बरा. कंबर धरली, सांधे धरले. टायफॉईड म्हणून सलाईन झालं, मलेरिया म्हणून गोळ्या झाल्या, शेवटी टीबीची शंका आली. एक अंड सुजलं होतं ते लाजेपायी कुणालाच बोलला नाही. उरलेल्या शेळ्या विकून दवाखाने भरले. मग एका शिकाऊ डॉक्टरनं सहज विचारलं, घरी जनावरं आहेत का? रक्त तपासलं तर ब्रुसेला नावाचा आजार निघाला. दोन प्रकारच्या गोळ्या सहा आठवडे घेतल्या आणि गडी कामाला लागला. औषध काही महागडं नव्हतं, तो प्रश्न विचारायला एवढे महिने लागले.

हा आजार जुना आहे. माल्टा बेटावर इंग्रजांचे सैनिक तापानं पडायचे. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. तिथल्याच झॅमिट नावाच्या डॉक्टरला तो शेळ्यांच्या रक्तात सापडला. त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या! दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर त्यांची धार काढायचे, इतकं ताजं दूध. पुढच्या वर्षी सैनिकांना ते दूध बंद केलं आणि छावणीतला ताप ओसरला. म्हणून शेळी चरते, रवंथ करते, डोळे तेजदार आहेत, एवढ्यावर तिच्या दुधाचा दाखला देऊ नये.

दुधाचं म्हणून आधी सांगून टाकतो. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडं फार. तालमीतली पोरं कासेखाली तोंड धरायची, अजूनही कुठं कुठं धरतात. आता त्यात नवं खूळ आलंय : डेंग्यूत पेशी कमी झाल्या की शेळीचं कच्चं दूध. तापातल्या माणसाला पाजायला लोक वाडगं घेऊन आपल्या दारात येतात. द्या, पैसेही घेऊ नका वाटलं तर, पण उकळून द्या. वर आलेलं दूध चमच्यानं दाबून आणखी थोडं उकळू दे. दही, ताक, तूप, सगळं उकळलेल्या दुधाचंच. खरवस वाफवलेला असतो, त्याची चिंता नाही. चीक मात्र कच्चा चाखायची सवय असेल तर सोड.

आता शेळी गाभडली तर. उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, बहुतेक जुळी देते, म्हणून एखादं पिल्लू मेलेलं पडलं तर आपण फारसं मनावर घेत नाही. तिथंच घात होतो. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत एकामागून एक शेळ्या गाभडायला लागल्या तर ते उन्हाचं, धक्क्याचं किंवा दृष्टीचं काम नसतं. जनावराच्या अंगातला जंतू सगळ्यात जास्त असतो तो त्या वारेत, त्या पाण्यात आणि त्या मेलेल्या करडात. एरवी त्याच शेळीला दिवसभर कुरवाळलंस तरी काही होणार नाही. वितानाचा तेवढा तास जपायचा.

तू त्या तासाला गोठ्यात जायचं नाही. अगदी साधं वेत असलं तरी नाही. बाळ होईपर्यंत हे काम जावईबापूंचं. त्यांनी हातमोजे घालावेत, नसले तर दोन्ही हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधाव्यात. नाकातोंडाला गमछा. हातावर चीर, कात्रा, कोयत्याची जखम असेल तर आधी पट्टी. वार आणि मेलेलं करडू उकिरड्यावर फेकायचं नाही, ओढ्यात सोडायचं नाही. कुत्र्याला तर मुळीच टाकायचं नाही. कमरेएवढा खड्डा, वर चुना, वर माती, वर काटेरी फांद्या आणि दगड, नाहीतर रात्रीतून कुत्री उकरतात. जागेवर चुना किंवा फिनेल, मग दोन दिवस ऊन पडू द्यावं. कपडे तिथंच बादलीत. गाभडलेली शेळी वेगळी बांधावी. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्ताचा नमुना द्यावा. नमुने पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात जातात, उत्तर यायला वेळ लागतो, पण उत्तर येतं. तपासणी होईपर्यंत ती शेळी बाजारात विकू नये. दुसऱ्याच्या दावणीला आपला आजार बांधणं म्हणजे चोरीच आहे, मी तर तसंच म्हणतो.

गायीच्या कालवडीला लस आहे. 2019 पासून केंद्राचा जनावरांच्या रोगनियंत्रणाचा कार्यक्रम सुरू आहे, त्यात गाई-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस फुकट देतात, आयुष्यातून एकदाच. लस जिवंत जंतूची असते, म्हणून टोचणारा हातमोजे घालतो. तू तेव्हा कालवड धरायला उभी राहू नकोस. शेळ्यांना त्या कार्यक्रमात ही लस नाही, त्यांच्यासाठी वरचीच पथ्यं.

सासूबाई म्हणतील, आम्ही आयुष्यभर वारा काढल्या, आम्हाला काय झालं? उलट बोलू नकोस. माझं नाव सांग. त्या दसऱ्यानंतर बैलं घेऊन ऊसतोडीच्या फडावर जातील, त्याच्या आत मीच एकदा येऊन त्यांच्याशी बोलतो. मोठ्या माणसाशी मोठ्या माणसानं बोललेलं बरं.

आता मांजर. तुझ्या नणंदेनं कुठंतरी ऐकलंय की पोटुशा बाईच्या घरी मांजर नको, आणि ती त्याला पोत्यात घालून सोडून यायला निघाली होती म्हणे. थांबव तिला. मांजर गेलं की उंदीर येतात, आणि उंदरांचं पुढं सांगतोच.

मांजराच्या आतड्यात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी वाढतो. 1908 मध्ये ट्युनिसमध्ये एका उंदरासारख्या प्राण्यात तो पहिल्यांदा दिसला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सशात. मांजराचा त्यातला वाटा शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायला पुढं साठेक वर्षं गेली. मांजर बहुधा लहान असताना पहिल्यांदा उंदीर-पाखरू मारून खातं, तेव्हा त्याला तो लागतो. मग एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची बारीक अंडी पडतात, पुढं सहसा नाही. शिवाय ताज्या विष्ठेत ती अंडी लागू होत नाहीत. त्यांना मातीत निदान एक दिवस, कधी पाच दिवस लागतात. पण एकदा पिकली की ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या मांजराला मांडीवर घेण्यात भय जवळजवळ नाही. भय आहे ते मऊ जागेत. घरकुलासाठी आणून टाकलेली वाळू, चुलीची राख, मेथीचा वाफा, भुसकटाचा ढीग; मांजर तिथंच उकरतं. विष्ठा रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी खुरप्यानं उचलून पुरावी. वाफ्यात तू हात घालू नकोस, घातलास तर साबणानं नखांपर्यंत धू. मेथी, कोथिंबीर, गाजर दोन-तीन पाण्यांनी धुऊन घे. माळकऱ्याच्या घरात हा आजार येत नाही हा समज खोटा, कारण मातीतून भाजीवर, भाजीतून पोटात हा रस्ता मांसाशिवायचाच आहे.

जावईबापूंसाठी यातलं वेगळं : पेंडीचं पोतं आणि भुसकट झाकून ठेवा. मांजर त्यात घाण करतं, शेळी ते खाते आणि गाभडते. मग त्याच शेळीच्या मांसात परजीवी गाठी करून बसतो. आपलं मटण चुलीवर तासभर शिजतं, त्यात तो उरत नाही. पण कंदुरीच्या जेवणाला काय होतं ते तू लहानपणी पाहिलंयस. बोकड पडला की कलेजी निखाऱ्यावर टाकायची, वरून काळी, आतून लाल, मीठ लावून पोरांच्या हातात. ती यंदा नको. रस्सा शिजताना फोड दाबून बघ, पण चाखू नकोस. मटणाची सुरी आणि पाट कांद्याला वापरायचा नाही.

हा आजार बहुतेकांना कळतही नाही, चार दिवस अंग मोडून येतं, मानेला गाठ येते, जातं. आधी होऊन गेला असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. पोटात बाळ असताना पहिल्यांदाच झाला तर मात्र बाळाच्या डोळ्यांना, डोक्याला इजा होऊ शकते. म्हणून ताप आणि मानेच्या गाठी एकत्र दिसल्या तर लपवू नकोस, त्यावर औषध आहे.

इथं एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, कारण यात बाया फार नाडल्या जातात. दोनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत की 'टॉर्च' नावाची तपासणी करायला सांगतात. कागदावर एक आकडा वाढलेला येतो आणि कुणीतरी म्हणतं, तुझ्या रक्तात मांजराचे किडे आहेत. झालं, सासर तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतं आणि महिनोन्‌महिने इंजेक्शनं चालतात. त्या कागदावर आयजीजी आणि आयजीएम असे दोन रकाने असतात. नुसता आयजीजी वाढलेला म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा पुन्हा गर्भ पडण्याचं कारण म्हणून त्याच्याकडं बोट दाखवता येत नाही. आयजीएम वाढलेला असेल तर तोही एकट्यानं पुरेसा नाही, पुढची तपासणी लागते. असा कागद तुझ्या हातात आला तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा, प्रसूतीच्या विभागात दाखव, मग काय ते ठरव. सासूबाईंच्या हातात द्यायची घाई नको.

कुत्र्याचं दोन भागांत आहे. पहिला भाग कंदुरीशीच जोडलेला. बोकड-मेंढा कापल्यावर काळजात, फुप्फुसात पाण्याचे फोड दिसतात, लोक तो भाग 'खराब' म्हणून कुत्र्याला टाकतात. त्या फोडातून कुत्र्याच्या पोटात बारीक जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात, केसांवर, तिथून लेकरांच्या हाताला, आणि मग माणसाच्या काळजात तसाच फोड वाढतो. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, मग ऑपरेशन. खराब भाग जाळा किंवा पुरा. कुत्र्याला जंताचं औषध वेळोवेळी द्या.

दुसरा भाग पिसाळण्याचा. पाश्चरनं 6 जुलै 1885 ला पहिल्या मुलाला लस टोचली, त्याला एकशे चाळीसेक वर्षं झाली, आणि आपल्याकडं अजून जखमेवर तिखट भरतात, चुना लावतात. काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं औषध असतं, ते मागून घ्यायचं. लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटुशा बाईलाही ती देतात. "बाळ होऊ दे, मग घेऊ" असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. लक्षणं दिसायला लागल्यावर या आजाराला औषध नाही. घरच्या कुत्र्याला दर वर्षी टोचून घ्या. 6 जुलैला बऱ्याच पशुदवाखान्यांत फुकट टोचतात.

यातलं एक मालकांनाच माहीत नसतं. गाय, म्हैस पिसाळली की ती चावत सुटत नाही. लाळ गळते, गिळता येत नाही, घोगरं हंबरते. मालकाला वाटतं घशात आंब्याची कोय अडकली, आणि तो खांद्यापर्यंत हात तोंडात घालतो. असं जनावर दिसलं तर जावईबापूंनी हात घालायचा नाही, आधी फोन करायचा.

अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातून, गुदातून काळपट रक्त येत असेल आणि ते गोठत नसेल तर तो फाशी नावाचा रोग. कातडं काढायचं नाही, मांस वाटायचं नाही. त्याचे जंतू जमिनीत कित्येक वर्षं राहतात. वासराच्या अंगावरची गोल खाज तुमच्या हातावर आली तर गजकर्णाचं मलम लावा, त्यात काही नाही. म्हशीच्या सडावर फोड आले की धार काढणाऱ्याच्या बोटांवरही येतात, 1992 ते 1996 मध्ये महाराष्ट्रात अशा साथी आल्या होत्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्या तपासल्या होत्या. ते आपोआप बरे होतात, पण त्या हातानं लेकराला धरू नये.

आणि जे माणसाला होत नाही तेही ठाऊक असू दे, नाहीतर भलत्या वेळी भिऊन बसाल. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा लोकांनी दूध घेणं बंद केलं, बैलाजवळ जायला घाबरले. लम्पी माणसाला होत नाही. लाळ्या-खुरकतचंही जवळजवळ तेच. 2021 च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यात कावळे मेले, परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, त्यात बर्ड फ्लू निघाला. तेव्हाही शिजवलेल्या कोंबडीचं, अंड्याचं भय नव्हतं. भय होतं मेलेलं पाखरू उघड्या हातानं उचलण्याचं.

उंदरांचं राहिलं. सासू-सासरे कोल्हापूर-सांगलीकडं फडावर जातात, म्हणून हे त्यांच्यासाठी. उसात उंदीर, उंदराच्या मुतात लेप्टो नावाच्या तापाचा जंतू, आणि तो ओल्या मातीतून, पाण्यातून पायाच्या चिरेत शिरतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये 1933-34 च्या सुमाराला ऊसतोडी मजूर या तापानं, काविळीनं मेले. मजुरांनी मागणी केली की तोडायच्या आधी ऊस पेटवा म्हणजे उंदीर जातील. कारखानदार ऐकेनात, तेव्हा त्यांनी संप केले, आणि शेवटी पेटवून तोडायची पद्धत तिथं रुळली. आपल्याकडं जळका ऊस म्हटलं की पैसे कापतात, आणि उचल घेतलेल्या टोळीला मुकादमापुढं एवढं बोलायची सोय नाही. मग निदान बूट. पाचटानं कापलेल्या हातापायांना रात्री खोबरेल लावण्याआधी साबण. कोपीत पीठ आणि पाणी झाकून. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, लघवी कमी, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की फडावरून थेट दवाखाना. आणि तिथं तोंडानं सांगायचं, "आम्ही ऊसतोडीचे." बीडचा पत्ता आधार कार्डावर दिसतो, पायाखालचा फड दिसत नाही.

जावईबापू म्हणाले शेळ्या दिवाळीनंतर विणार. तेव्हा तुला सातवा लागलेला असेल, सासू-सासरे फडावर, घरी तुम्ही दोघंच. वहिनी, म्हणजे तुझी आई, म्हणते पोरीला त्या महिन्यात माहेरी आणू. ये. पण शेळ्यांना कोण, या काळजीनं अडून बसशील हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्या चुलत भावाला तिकडं पाठवतो, तो रात्रीचा गोठ्यात झोपेल. जनावराचा मोफत फोन 1962, तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. लागला नाही तर मला लावा, मी जागाच असतो. हातमोजे गावात मिळत नसतील तर मेडिकलवाल्याला आठ दिवस आधी सांगा, तो बीडहून मागवतो. मोठ्या मापाचे सांगा, जावईबापूंच्या हातात मधलं माप फाटतं.